मुनीला आमलेट नको

अक्काचं तोंड बंद करणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं तिच्या दुकानातले सगळे म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. बुटांच्या दुकानात ती विक्रीचं काम करायची. गिऱ्हाईक "नुसतं बघायला आलोय" म्हणत आत शिरायचं. अक्का खाली बसून त्याच्या पायात बूट सरकवता सरकवता त्याच्या नोकरीपासून सासूपर्यंत सगळी चौकशी करायची, आणि तो बाबा दोन जोड घेऊनच बाहेर पडायचा. टकल्याला कंगवा विकेल अशी बाई. तिचा घरजावई नवरा तर चारचौघांत सांगायचा, "लग्न झालं आणि मी रेडिओ विकून टाकला."

अशा बाईच्या पाठचा भाऊ अडखळत बोलणारा निघावा, हीसुद्धा कमालच. देवाने वाटप करताना सगळे शब्द थोरलीच्या पदरात ओतले आणि धाकट्यासाठी हंडा खरवडला असणार. शब्द त्याला माहीत असायचा, अगदी ओठापर्यंत यायचा, आणि तिथेच रुतून बसायचा. त्यातल्या त्यात क म्हणजे त्याचा जन्माचा वैरी. लहानपणी तो बोलायचंच टाळायचा म्हणून आजोबांनी त्याला मुनी म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं.

मुनी अडला की अक्का पुढे व्हायची. शाळेत बाईंना सांगायचं, डॉक्टरांना दुखणं सांगायचं, कॉलेजच्या खिडकीवर भांडायचं, सगळं तिने केलं. तो वाक्य सुरू करायचा, ती संपवायची. "माझ्या भावाच्या मनातलं त्याच्याआधी मला कळतं," हे ती छाती पुढे काढून सांगायची. मुनीही मान डोलवायचा. आता मान डोलवणं सोपं असतं म्हणून डोलवायचा की खरंच पटायचं म्हणून, हा प्रश्न तिला कधी पडला नाही.

त्या दिवशी मुनीच्या संशोधनाचं सादरीकरण होतं. कितीतरी वर्षं हा पठ्ठ्या पुलांखाली टॉर्च घेऊन फिरला होता. काँक्रीटला पडणाऱ्या भेगा, हा त्याचा विषय. काँक्रीट! अहो, जगात एवढे विषय पडलेत, माती आहे, लाकूड आहे, लोखंड आहे. पण ज्याला क म्हणताना घाम फुटतो त्याने घेतलं काय, तर काँक्रीट. अक्काने तेव्हाच डोक्यावर हात मारला होता. "विहिरीला घाबरणाऱ्याने पोहण्याची शिकवणी लावावी तसं झालं हे," ती म्हणाली होती. मुनी नुसता हसला होता.

सभागृहाच्या दाराशी त्याने तिचं कोपर धरून तिला बाजूला घेतलं.

"अक्का, आज माझं एकही व-वाक्य तू पुरं करायचं नाहीस."

"मी कशाला करू? मी आपली मागे बसणार."

"मागून सुद्धा नाही. ओठ सुद्धा हलवायचे नाहीत. तुझे ओठ हलले की मला दिसतात."

"आणि फारच अडलास तर?"

"अडू दे."

तो एवढा हट्टाला का पेटलाय ते तिला पक्कं ठाऊक होतं. लांबच्या शहरातल्या एका संस्थेने त्याला शिकवायची नोकरी देऊ केली होती. रोज वर्गासमोर उभं राहून बोलायचं, आणि हाकेच्या अंतरावर अक्का नाही. "आजचं एकट्याने निभावलं तर ठरवतो," असं तो आईला म्हणाल्याचं तिने स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. तेव्हापासून बाईच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. भावाने मैदान मारावं असं तिला मनापासून वाटत होतं, आणि भावाने कुठेही जाऊ नये असंही तितकंच मनापासून वाटत होतं. दोन्ही एकदम देवाकडे कसं मागायचं, ते काही तिला जमत नव्हतं.

ती शेवटच्या रांगेत बसली आणि जिभेला काहीतरी उद्योग हवा म्हणून तिने लिमलेटची गोळी तोंडात टाकली.

मुनीच्या आधीचे लोक बोलून गेले. पडद्यावर चित्रांची आणि आकड्यांची नुसती पळापळ चालली होती. अध्यक्षांसमोर टेबलावर एक छोटी घंटा होती. वेळ संपली की ते ती वाजवायचे, आणि मग बोलणारा उरलेलं भाषण एका दमात गिळून खाली बसायचा. अक्काचं लक्ष सारखं त्या घंटेकडे जात होतं. मुनीच्या सरांनी त्याला चांगल्या मनाने सुचवलं होतं की घरी बसून आवाज रेकॉर्ड कर, आपण तो लावू. नाहीतर तुझा मित्र वाचून दाखवेल. मुनी नको म्हणाला होता. वेळ जास्त मागून घेऊ का, यालाही तो नकोच म्हणाला होता.

त्याचं नाव पुकारलं गेलं. इस्त्रीच्या शर्टात तो मंचावर गेला, माईक खाली केला, आणि म्हणाला, "नमस्कार. मी अ-अडखळत बोलतो. शब्द मला माहीत असतो, फक्त तो उशिरा पोचतो. क-कृपा करून माझ्यासाठी शब्द शोधू नका. मी आणतो."

अक्काची गोळी गालातल्या गालात थांबली. घरी सरावाच्या वेळी हे असलं काही त्याने म्हटलं नव्हतं.

मग पहिलाच शब्द आला, आणि अर्थातच तो काँक्रीट होता. मुनी अडला. मान ताणली गेली, ओठ घट्ट झाले. पुढच्या रांगेतल्या एकाने खाली बघितलं, एकाने उगाच पेनाचं टोपण काढलं. अक्काने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली. पण मुनीने नजर खाली नेली नाही. शब्द अडलेला असतानाही तो समोर बघत उभा होता, घाई नसलेल्या माणसासारखा. शब्द आला. त्याने तो वापरला आणि पुढे गेला. पुन्हा अडला, पुन्हा उभा राहिला. हळूहळू लोकच सैलावले. पेनाचं टोपण परत बसलं. त्याने दाखवायची चित्रंही मोजकीच आणली होती. एकेक भेग पडद्यावर यायची आणि तिच्याबद्दल तो एवढंच बोलायचा जेवढं बोलण्यासारखं होतं. एकही फालतू शब्द नाही. ज्याला शब्द एवढा महाग पडतो तो उधळणार कशाला? रोज दुकानात शब्दांची खैरात करणाऱ्या अक्काला पहिल्यांदाच वाटलं की बोलावं तर असं बोलावं.

घंटा वाजली नाही. अध्यक्ष तिच्याकडे हात न्यायचंच विसरले, की मुनीनेच वेळेत संपवलं, कोण जाणे. प्रश्न विचारायला पहिल्या रांगेतले एक जाडजूड अभियंते उठले. जन्मभर पूल बांधलेला माणूस, निवृत्तीला आलेला, आवाज दणदणीत.

"शहराबाहेरचा तो जुना पूल तुम्ही तपासलाय म्हणता. तळहात आत जाईल एवढी भेग आहे त्याला. माझी बायको त्यावरून जाताना डोळे मिटून घेते. त्याचं काय?"

"तो पूल," मुनी म्हणाला, "तो पूल क... क..."

सगळं सभागृह पुढे झुकलं.

"कोसळेल?" अभियंत्यांच्या तोंडून निघून गेलं.

अक्काने लिमलेटची गोळी कडकन फोडली. नेमका तोच शब्द तिच्याही जिभेच्या टोकावर आला होता. सकाळी भावाने बजावलं नसतं तर ओरडून सांगितला असता तिने.

मुनीने मान हलवली. नाही. आणि थांबला, आणि शब्द आणला. "क-कणखर आहे."

हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने स्वतः अभियंतेच हसले, आणि हात वर करून "चुकलो बुवा" म्हणाले. मग मुनीने समजावलं. ती भेग जुनी आहे, कोरडी आहे, वर्षानुवर्षं जागची हलली नाही. पुलाने ती पचवलीय. काळजी करायची ती शेजारच्या नव्या पुलाची. त्याची भेग केसाएवढी आहे, कुणाला दिसतही नाही, पण ती ओली आहे, आत पाणी झिरपून लोखंड गंजतंय. "रुंद भेगेची लोकांना भ-भीती वाटते. मला ओल्या भेगेची वाटते." अभियंते हसायचे थांबले आणि खिशातून कागद काढून लिहायला लागले. पुढे टाळ्या झाल्या, लोकांनी त्याला गराडा घातला, आणि अक्का मागे एकटीच घाम पुसत बसली. तिने मनातल्या मनात एक धडधाकट पूल पाडला होता.

सरांनी जेवायला नेतो म्हटलं, पण मुनीने हात जोडले. "आज अ-अक्काबरोबर. आज मीच मला मेजवानी देणार."

मुनीच्या प्रयोगशाळेच्या वाटेवर एक चांगलं उपाहारगृह होतं. टेबलांवर पांढरी कापडं, जाड काचेचे पेले, आणि दारातून बाहेर येणारा लोण्यात परतलेल्या लसणाचा वास. वर्षानुवर्षं तो त्या दारावरून डबा घेऊन पुढे गेला होता. आज दोघं आत शिरून खिडकीशी बसली. अक्काला काय वाटत होतं म्हणून सांगू! सकाळपासून कोंडलेलं तोंड, पोटात कावळे, आणि भावाच्या कौतुकाने ऊर भरून आलेला. वाढपी पाणी ठेवतो न ठेवतो तोच तिचं धरण फुटलं.

"हा माझा भाऊ बरं का, आज मोठमोठ्या लोकांना पाणी पाजून आलाय. मला टोमॅटोचं सूप आणा आणि भाजलेला मासा आणा. आणि ह्याला आमलेट. दोन अंड्यांचं, मिरी सढळ हाताने, कडेने खरपूस. त्याचा जीव की प्राण आहे."

मुनीने टेबलावर हात ठेवला. "अक्का. आ-आमलेट नको."

"का रे? बरं वाटत नाही का?"

"मला आमलेट आवडत नाही."

"काहीतरीच! कधीपासून?"

"प-पहिल्यापासून."

वाढपी शहाणा होता. "दोन मिनिटांनी येतो," म्हणून सटकला.

अक्का बोटांवर मोजायला लागली. परीक्षेच्या दिवशी आमलेट, वाढदिवसाला आमलेट, तापातून उठला की आमलेट. पहाटे उठून, चटके खाऊन, त्याच्यासाठी खास खरपूस केलेलं. "अरे, मग खायचास कसा?"

"तू केलेलं असायचं म्हणून." तो शांतपणे सांगत होता, मध्ये मध्ये थांबत. लहानपणी तिने त्याला पहिल्यांदा बाहेर खायला नेलं, तेव्हा काय हवं म्हणून विचारलं होतं. हवं ते त्याला म्हणता येईना. आ म्हणता येत होता. म्हणून तो आमलेट म्हणाला. तिला वाटलं, आवडतं. मग ती घरीही करायला लागली, आणि इतक्या प्रेमाने करायला लागली की पुढे नको म्हणवेना.

"आणखी काय काय आहे असलं?" अक्काने विचारलं. आवाज जरा चढलाच होता.

"बस."

"बसचं काय?"

"आपल्या थांब्याचं नाव मला म्हणता यायचं नाही. म्हणून पुढच्या थांब्याचं तिकीट काढायचो. आणि मागे च-चालत यायचो."

"अरे देवा! मला वाटायचं तुला चालायची हौस आहे. दरवर्षी दुकानातून तुला चालायचे बूट आणत होते मी!"

"बूट उपयोगी पडले," मुनी म्हणाला, आणि इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हणाला की तिला रागातही हसू फुटलं.

"आणि अख्खं घर मला ताई म्हणतं, तू एकटाच अक्का म्हणतोस, ते..."

"तेही तेच. लहानपणी त-ताई म्हणता यायचं नाही. पण अक्का मला आवडतं."

आता मात्र बाईचे डोळे भरले. तिने हातरुमाल शोधला, सापडला नाही, टेबलावरचं पांढरं फडकंच डोळ्यांना लावलं. "मला वाटायचं, तुझ्या मनातलं मला कळतं. मी तर तुझ्या तोंडात माझेच शब्द कोंबत होते रे. आणि तू मान डोलवत होतास."

"तू नसतीस तर मी शाळेचा उंबरा ओलांडला नसता," तो म्हणाला. "वर्गाच्या दाराशी उभी राहायचीस तू. मला कुणी चिडवलं की तू त्याला असं क-काही सुनावायचीस की तोच मुनी व्हायचा. ते मी विसरलो नाही. पण आज मला भूक माझी लागलीय."

ती नाक ओढत हसली. त्याने कधी एवढं सलग बोलून दाखवलं होतं का, हे ती आठवत होती, आणि तिला आठवत नव्हतं.

वाढपी परत आला, वही उघडून मुनीकडे वळला.

"मला क..." मुनी म्हणाला. "क... क..."

"कोंबडी?" वाढपी मदतीला धावला. "कटलेट? कॉफी आणू आधी?"

त्याच्या चेहऱ्यावर अक्काला आपलाच चेहरा दिसला. तेच भलेपण, तीच घाई. तिने हात आडवा केला. "थांबा हो जरा. तो सांगतोय."

तिघंही थांबली. शेजारच्या टेबलावर चमचे वाजत होते. अक्काला यावेळी शब्द खरोखरच माहीत नव्हता, आणि माहीत नसल्यावर थांबणं इतकं सोपं असतं हे तिला नवीनच कळत होतं.

"कोळंबी," मुनी म्हणाला. "लसूण-लोण्यातली." मग दार उघडलंय तर सगळेच आत या, अशी एकामागून एक यादी सुटली. कुरकुरीत पाव. कांद्याचं सूप. भाजलेली कोंबडी, अर्धी. शेवटी कॅरामल पुडिंग, आणि वर कॉफी. प्रत्येक क वर थांबला, प्रत्येक क ओलांडला. वाढपी न बोलता लिहीत होता.

"अरे, सगळं चांगलंचुंगलं क मध्येच आहे की काय?" अक्का म्हणाली.

"म्हणून तर म-माझे हाल झाले," मुनी म्हणाला, आणि वाढप्यासकट सगळे हसले.

जेवण आलं. कोळंबी तव्यावरची गरम, लोणी अजून बुडबुडत होतं. मुनीने पहिली तोंडात घातली आणि डोळे मिटले. आमलेट खाताना तो भराभर खायचा, संपवून टाकायचा. अक्का ते भुकेचं लक्षण समजायची. आता तो सावकाश खात होता. पावाच्या तुकड्याने लोणी टिपत होता, बोटं चाटत होता, मध्येच एक कोळंबी तिच्या ताटात टाकत होता. आपला भाऊ खाताना असा दिसतो, हे अक्का आज बघत होती. सकाळी त्याला मंचावर बघून तिचा ऊर भरून आला होता. आता त्याला नुसतं जेवताना बघूनही तेवढाच भरून येत होता. केवढा गुणाचा आहे हा, तिला वाटलं. आणि केवढा तरी माहीतच नव्हता मला.

पुडिंग आलं. मुनीने चमचा उचलला, खाली ठेवला.

"अक्का," तो म्हणाला. "ती नोकरी मी घ... घ..."

अक्काचा घास तोंडातच राहिला. पुढचं तिला दिसत होतं, वाक्याच्या पार टोकापर्यंत. सकाळी मंचावर त्याला उभं पाहिलं तेव्हाच दिसलं होतं. आणि तिला हेही पक्कं ठाऊक होतं, की आत्ता तिने हसून म्हटलं, "घेत नाहीस ना? शहाणं माझं बाळ!" तर तो क्षणभर तिच्याकडे बघेल आणि मान डोलवेल. आयुष्यभर डोलवली तशी. तिच्या प्रेमापुढे नको म्हणवणार नाही त्याला. मग तो घरीच राहील. समोरच्या खोलीत झोपेल, संध्याकाळी येईल, तिच्या हातचं खाईल. एवढा एकच शब्द पुरे होता, आणि शब्दांची तर तिच्याकडे कधी ददात नव्हती.

"घ..." मुनी म्हणाला. मान ताणली गेली होती. नजर मात्र तिच्याच डोळ्यांत होती.

अक्काने ओठ हलू दिले नाहीत. टेबलाखाली दोन्ही मुठी आवळून ती बसून राहिली. यावेळी शब्द तिला माहीत होता, नको होता, आणि तरीही ती थांबली.

"घेतोय," मुनी म्हणाला.

तिने घास गिळला. पाणी प्यायली. पेला नीट खाली ठेवला. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"वाक्य तुझं होतं रे," अक्का म्हणाली. "मी कशाला मध्ये तोंड घालू?"